मद्रासला धाडलेले महाराज आणि अर्धवट राहिलेला न्याय

चेन्नईत वास्तव्य करणाऱ्या मराठी माणसाला तंजावरचे भोसले ठाऊक असतात. सरस्वती महाल ग्रंथालय त्याने एकदा तरी पाहिलेले असते. परंतु बडोद्याचे एक महाराज याच शहरात नजरकैदेत राहिले आणि 1882 साली येथेच निवर्तले, हे सहसा कोणाला माहीत नसते. नुंगमबाक्कममधील विमेन्स ख्रिश्चन कॉलेजच्या आवारात डव्हटन हाऊस ही जुनी वास्तू आहे. पदच्युत मल्हारराव गायकवाड यांना 1875 मध्ये तेथे ठेवण्यात आले होते.

मल्हाररावांचा कैवार घेण्याचा माझा हेतू नाही. बंधू खंडेराव यांच्या मृत्यूनंतर 1870 मध्ये ते गादीवर आले. त्यांच्या कारभारातील जुलूम, उधळपट्टी आणि सावकार-सरदारांची झालेली लूट यांविषयी 1873 साली कर्नल मीड यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी झाली. व्हाइसरॉय लॉर्ड नॉर्थब्रुक यांनी सुधारणेसाठी 1875 च्या डिसेंबरअखेरपर्यंत मुदत दिली. खुद्द दादाभाई नौरोजी दिवाण म्हणून आले. परंतु रेसिडेंट कर्नल फेअर यांच्याशी त्यांचे जमणे शक्यच नव्हते.

2 नोव्हेंबर 1874 रोजी महाराजांनी फेअर यांना बदलावे, असा खलिता व्हाइसरॉयकडे धाडला. 9 नोव्हेंबरला फेअर यांच्या सरबतात विष आढळल्याचे जाहीर झाले. सोमल आणि हिऱ्याची पूड! जानेवारी 1875 मध्ये महाराजांना अटक झाली आणि सहा सदस्यांचा आयोग नेमला गेला. सर रिचर्ड काऊच, मीड आणि मेलव्हिल हे तिघे इंग्रज. जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराज रामसिंह आणि सर दिनकरराव राजवाडे हे तिघे भारतीय. महाराजांच्या बचावासाठी लंडनहून सार्जंट बॅलंटाइन हे नामांकित वकील आले. पुराव्याची भिस्त मुख्यतः रेसिडेन्सीतील नोकरांवर आणि माफीचे साक्षीदार झालेले महाराजांचे खासगी कारभारी दामोदरपंत यांच्यावर होती. इंग्रज सदस्यांना आरोप सिद्ध झाला असे वाटले, भारतीय सदस्यांना तसे वाटले नाही. मते तीन विरुद्ध तीन अशी विभागली गेली.

येथून पुढचा भाग प्रशासनात काम करणाऱ्या प्रत्येकाने अभ्यासावा असा आहे. एप्रिल 1875 मध्ये सरकारने महाराजांना पदच्युत केले; मात्र विषप्रयोगाच्या आरोपावरून नव्हे, तर कुशासन आणि अपात्रता या कारणांवरून. म्हणजे खटला एका आरोपाचा आणि शिक्षा दुसऱ्याची. शिवाय ज्या सुधारणेसाठी डिसेंबरपर्यंत मुदत दिली होती, ती मुदत संपण्यास आठ महिने बाकी होते. कुशासन हेच खरे कारण होते, तर त्याच कारणाने, मुदत संपल्यावर, उघडपणे कारवाई करता आली असती. आयोगाचा निष्कर्ष सोयीचा निघाला नाही म्हणून आधार बदलणे, याला न्याय म्हणता येत नाही.

विभागीय चौकशीच्या धारिका हाताळताना मला हे प्रकरण वारंवार आठवते. आरोपपत्र एका बाबीचे आणि अंतिम आदेश भलत्याच बाबीवर, असे मसुदे आजही समोर येतात. संबंधित कर्मचारी कामचुकार आहे, हे सर्वांना ठाऊक असते. म्हणून आरोप कोणताही चालेल, अशी समजूत असते. ती घातक आहे. माणूस दोषी असणे आणि त्याच्यावर ठेवलेला दोष सिद्ध होणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत.

यावर एक आक्षेप संभवतो. मल्हारराव गेले म्हणूनच बारा वर्षांचे सयाजीराव गादीवर आले आणि बडोद्याचे भाग्य उजळले. दिवाण म्हणून आले सर टी. माधवराव, कुंभकोणमचे, मद्रासेत शिकलेले तंजावरी मराठी. महाराज बडोद्याहून मद्रासला गेले आणि मद्रासचा मराठी माणूस बडोद्याची घडी बसवायला गेला, हा योगायोग विलक्षण खरा. परंतु फळ गोड निघाले म्हणून पेरणीची रीत निर्दोष ठरत नाही. 1891 मध्ये मणिपूरचे राजे कुलचंद्र यांना अंदमानात धाडताना सरकारने स्पष्टच सांगितले की, संस्थानांशी असलेल्या आपल्या संबंधांना आंतरराष्ट्रीय कायद्याची तत्त्वे लागू नाहीत. बडोद्यात आयोग नेमून न्यायाचा आब राखावासा वाटला होता. सोळा वर्षांनी ही भूमिका उघडपणे मांडली गेली.

अंदमानातील माउंट हॅरिएटला 2021 मध्ये माउंट मणिपूर हे नाव देऊन त्या निर्वासितांचे स्मरण केले गेले. मल्हाररावांचे स्मारक व्हावे, असे मी म्हणणार नाही. त्यांच्या कारभारात तसे काही नव्हते. मात्र प्रशिक्षणार्थी अधिकाऱ्यांना चौकशीचे नियम शिकवताना हे एक प्रकरण जरूर शिकवावे. नावडत्या माणसाच्या बाबतीत आपण नियम किती पाळतो, यावरच शासनाची खरी पारख होते.