भागीचं घोडं चाळीस वर्षं कसं जगलं?

मंडळी, आपल्या बडोद्याच्या मराठी घरांत दोन गोष्टींची धास्ती पिढ्यान्‌पिढ्या चालत आलीय. एक, मुलानं ‘लाइन’ सोडण्याची. दुसरी, भागीदारीची. पूर्वज गायकवाडांच्या चाकरीत आले, पुढचे बँकेत, रेल्वेत, रिफायनरीत रमले. पहिल्या तारखेचा पगार हा आपला कुळाचार! कुणी धंद्याचं नाव काढलं की घरातले एखादे काका म्हणणारच, “भागीचं घोडं किवणानं मेलं.”

या दोन्ही धास्तींवर उतारा म्हणून मला सॅन फ्रान्सिस्कोची एक जोडी फार आवडते. जेफ गुडबी आणि रिच सिल्व्हरस्टीन, दोघे जाहिरातवाले. आपल्या वधूवर मेळाव्यात यांचे बायोडेटा आले असते, तर काकूंनी ते गुपचूप गठ्ठ्याच्या तळाशी सरकवले असते. गुडबी हार्वर्डला शिकले, पण लिहीत होते कुठे? विद्यार्थ्यांच्या ‘लॅम्पून’ या विनोदी मासिकात! मग बॉस्टनला बातमीदारी, जोडीला चित्रं काढणं. सिल्व्हरस्टीन पार्सन्समध्ये डिझाइन शिकले आणि ‘रोलिंग स्टोन’ या रॉक संगीताच्या मासिकाची पानं सजवू लागले. एक चेष्टामस्करीवाला, दुसरा गाण्याबजावण्याच्या दुनियेतला. ‘स्थिर उत्पन्न’ या रकान्यात लिहायचं काय?

हॅल रायनी या नामवंत जाहिरातकाराच्या हाताखाली दोघांची गाठ पडली. १९८३ साली अँडी बर्लिन या तिसऱ्या सोबत्याबरोबर त्यांनी एजन्सी काढली. बर्लिन पुढे बाहेर पडले, हे दोघे टिकले.

१९९३ मध्ये त्यांच्याकडे काम आलं ते दुधाचं. कॅलिफोर्नियात दुधाचा खप घटत होता. दूध पौष्टिक असतं हे तिथं सगळ्यांना पाठ होतं, तेच पुन्हा सांगून कोण ऐकणार? यांनी उलटं केलं, दूध संपल्यावर माणसाची काय फजिती होते ते दाखवलं. इतिहासाचा एक वेडा पीनट बटरचा घास तोंडात कोंबतो आणि तेवढ्यात रेडिओवरून दहा हजार डॉलरचा प्रश्न विचारणारा फोन येतो. उत्तर येतंय, पण घास गिळायला दूध नाही! शेवटी दोनच शब्द: ‘गॉट मिल्क?’ आपल्या भाषेत, “दूध आहे ना घरात?” आणंदच्या दुधावर वाढलेल्या आपल्याला यातली गंमत समजावून सांगायला नको.

आता सांगा, ही जाहिरात म्हणजे काय? एक नीट रचलेला विनोद आणि एक नेमकं चित्र. ज्या वर्षांना आपण ‘वाया गेली’ म्हटलं असतं, तीच भांडवल म्हणून कामी आली.

माझं म्हणणं एवढंच. भागीचं घोडं मरतं ते भागीदारीमुळे नाही, त्याची निगा कोणी राखायची हे ठरलेलं नसतं म्हणून. एकाला शब्द येतात, दुसऱ्याला चित्र. मग भांडण झालं तरी कामाचं होतं, हिश्श्याचं नाही.

आपल्याच शहरात १९५० पासून फाइन आर्ट्सची फॅकल्टी आहे. देशभरातून मुलं तिथं येतात, आणि आपण मात्र आपल्या चित्र काढणाऱ्या मुलीला सांगतो, “छंद म्हणून ठेव गं.” पुढच्या वेळी असं म्हणण्याआधी तिला एकच विचारा: तुझ्याकडे नाही ते ज्याच्याकडे आहे, असा सोबती कोण? ती नाव सांगेल. त्या मुलाला किंवा मुलीला एकदा घरी चहाला बोलवा.