तुलना शिकवा, पण मुलांना तराजूत घालू नका



इंग्रजीतली तुलनादर्शक विशेषणं शिकवायची म्हटलं की फळ्यावर आधी तक्ता येतो. टॉल, टॉलर, टॉलेस्ट. मुलं तो पाढ्यासारखा पाठ करतात. पण वाक्य करायला सांगा, लगेच ऐकू येतं, 'अस्तंबा इज हाय दॅन तोरणमाळ.' नाहीतर 'मोअर टॉलर.' आपण लाल पेनाने रेघ मारून पुढे जातो. ही चूक येते कुठून, ते आधी बघूया.

मराठीत आपण म्हणतो, 'अस्तंबा तोरणमाळपेक्षा उंच आहे.' यात 'उंच' हा शब्द बदललाच नाही. तुलनेचं सगळं काम 'पेक्षा'ने केलं आणि तो नावाला मागून चिकटला. इंग्रजीत 'दॅन' नावाच्या आधी येतो, शिवाय विशेषणही बदलतं, 'हाय'चं 'हायर' होतं. मूल 'पेक्षा'च्या जागी 'दॅन' ठेवतं आणि त्याला वाटतं काम झालं. 'जास्त उंच' म्हणायची सवय असते, म्हणून 'टॉलर'च्या पुढे 'मोअर'ही लागतो. म्हणजे मूल विचार करूनच बोलतंय. दोन भाषांतला हा फरक शेजारी-शेजारी दोन वाक्यं लिहून दाखवला की त्याला पटतो. आपल्याकडे कितीतरी मुलांच्या घरी भिली, पावरी, मावची किंवा अहिराणी बोलतात. इंग्रजी ही त्यांची तिसरी भाषा. तेच वाक्य आधी घरच्या बोलीत म्हणू द्यावं, मग मराठीत, मग इंग्रजीत.

नियमही थोडे-थोडे द्यावेत. लहान शब्दाला शेवटी 'ई-आर', 'ब्यूटिफुल'सारख्या लांब शब्दाच्या आधी 'मोअर', आणि दोन्ही एकदम कधीच नाही. 'गुड'चं 'बेटर' आणि 'बॅड'चं 'वर्स' हे मात्र पाठच करावे लागतात. 'हेवी' लिहिताना 'वाय'चा 'आय' होतो, 'बिगर'मध्ये 'जी' दोनदा येतो. हे कानाला कळत नाही, म्हणून आधी बोलणं पक्कं करा, स्पेलिंग नंतर.

आता मुख्य मुद्दा. तुलना कोणाची करायची? व्याकरणाच्या गाइडांमध्ये हमखास मुलांचीच असते. हा त्याच्यापेक्षा उंच, ही तिच्यापेक्षा गोरी, तो याच्यापेक्षा हुशार. वर्गात दोन मुलं उभी करून 'थिनर', 'वीकर' शिकवणंही सोपं वाटतं. पण ज्या जिल्ह्यात कुपोषणाचा प्रश्न अजून संपलेला नाही, तिथे बारीक असलेलं मूल त्या तासाला 'वीकर' हा शब्द शिकतं की स्वतःबद्दल एक मत घेऊन घरी जातं? गोऱ्या-काळ्याचं तर बोलायलाच नको. व्याकरण बरोबर असलं तरी असं उदाहरण मला चूकच वाटतं.

आणि आपल्याकडे दुसरी उदाहरणं काय कमी आहेत? नर्मदा १३१२ किलोमीटर, तापी ७२४. दोन्ही नद्या आपल्याच जिल्ह्यातल्या, म्हणून 'नर्मदा इज लाँगर दॅन तापी.' नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळा झाला, म्हणून तो धुळ्यापेक्षा 'न्यूअर'. नंदुरबारची मिरची तर प्रसिद्धच आहे. दहा ओल्या आणि तशाच दहा वाळलेल्या मिरच्या तराजूत घाला, 'हेवियर' आणि 'लायटर' दोन्ही शब्द हातात येतात. यात मुलाला वाक्य मोजून तपासता येतं. वाक्य व्याकरणात बसलं की नाही, हे तर बघायचंच, पण ते खरं आहे की नाही हेही बघायचं.

मुलाची तुलना करायचीच असेल तर त्याच्या स्वतःशीच करा. शाळेत उंची-वजनाची नोंद असतेच. गेल्या वर्षीचा आकडा आणि यंदाचा आकडा काढून द्या, मूल आपणहून म्हणेल, 'आय ॲम टॉलर नाऊ.'

पालकांनाही एवढीच विनंती. शेजारच्या मुलाचे मार्क काढून घरी रोज जो 'पेक्षा' ऐकवला जातो, तो थोडा कमी करा. 'दॅन' शिकवायला आम्ही आहोतच.