फास आवळणारे विधिमंडळ

डिसेंबर २०२१मध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने ‘शक्ती’ विधेयक संमत केले. बलात्काराच्या गुन्ह्यांत फाशीची तरतूद वाढवणारे हे विधेयक राष्ट्रपतींच्या संमतीअभावी कायदा झाले नाही. पण फौजदारी कायदा समवर्ती सूचीत असल्याने राज्य त्यात बदल करू पाहू शकते, हे त्यातून स्पष्ट झाले. मग हाच मार्ग फाशी रद्द करण्यासाठी का चोखाळू नये?

‘जरब बसते’ हे ठरीव उत्तर. ते देणाऱ्यांनी नाशिकचा २००३चा खटला आठवावा. भटक्या जमातींतील सहा जणांची फाशी सर्वोच्च न्यायालयाने २००९मध्ये कायम केली. काहींची तर जन्मठेप वाढवून फाशी केली. त्याच न्यायालयाने २०१९मध्ये सहाही जणांना निर्दोष ठरवले आणि राज्याला प्रत्येकी पाच लाख रुपये द्यायला लावले. फास आवळला गेला असता, तर ही भरपाई कोणाच्या हाती ठेवली असती?

‘दुर्मिळातील दुर्मिळ’ हा १९८०पासूनचा निकष. विशेषणाची द्विरुक्ती म्हणजे मोजमाप नव्हे, हे साहित्याच्या विद्यार्थ्याला तरी सांगावे लागू नये. ३ जून १९४९ रोजी संविधान सभेत डॉ. आंबेडकरांनी फाशी रद्द करण्याकडेच आपला कल असल्याचे सांगितले होते. त्यांचे नाव उठता-बसता घेणाऱ्या सभागृहाने निदान एवढे तरी ऐकावे.