विश्लेषण : ‘गली बॉय’च्या आधीपासून रॅप करणारा ‘स्वदेशी’ गट कोणता?

मार्च २०२२ मध्ये एमसी तोडफोड म्हणजेच धर्मेश परमार या रॅपरचे वयाच्या अवघ्या २४ व्या वर्षी निधन झाले. बहुतेक बातम्यांत त्याची ओळख ‘गली बॉय’चा रॅपर अशी होती. ती चूक नव्हती, पण फारच अपुरी होती. त्या चित्रपटाच्या अल्बममधील ‘इंडिया ९१’ या गाण्यात त्याचा आवाज होता, एवढाच काय तो संबंध. तो घडला ‘स्वदेशी’ या गटात.

‘स्वदेशी’ची सुरुवात कशी झाली?

२०१३ च्या सुमारास मुंबईतील काही रॅपर आणि बीट तयार करणारे संगीतकार एकत्र आले. एमसी मवाली मराठी-हिंदीत, तोडफोड गुजरातीतही रॅप करायचा. मूळचा अमरावतीचा ‘१००आरबीएच’ पुढे सामील झाला. (नाव वाचायचे कसे? १०० म्हणजे सौ, पुढची अक्षरे जोडा : सौरभ.) मृदंगवादक विवेक राजगोपालन यांच्या ‘ताधोम’ प्रकल्पात यातील काहींनी कर्नाटक संगीतातील बोलांवर रॅप बसवला. अमेरिकी धाटणीची नक्कल करणाऱ्यांच्या गर्दीत हे वेगळे होते.

‘द वारली रिव्होल्ट’ महत्त्वाचे का?

२०१९ मध्येच, ‘गली बॉय’ गाजत असताना, ‘स्वदेशी’ने आरेतील आदिवासींच्या जमिनीवर हे गाणे केले. यात रॅपरांच्या सोबत आरेच्या पाड्यात राहणारे आदिवासी प्रकाश भोईर स्वतः गातात. ज्याची जमीन, त्याचाच आवाज. काही महिन्यांनी, ऑक्टोबरमध्ये, मेट्रो-३ च्या कारशेडसाठी आरेत दोन हजारांहून अधिक झाडे तोडली गेली. सर्वोच्च न्यायालयाने वृक्षतोड थांबवायला सांगेपर्यंत बरेच काही आडवे झाले होते. गाण्याने कारशेड थांबली नाही, ती आरेतच उभी राहिली. पण शहराच्या विकासाचा हिशेब मांडताना पाड्यांचे नाव घ्यायला त्याने अनेक तरुणांना भाग पाडले, असे माझे मत आहे.

स्वतंत्र राहण्याची किंमत काय?

‘गली बॉय’ने रॅप घराघरांत नेला, हे मान्य करायलाच हवे. मात्र चित्रपटाला एक नायक लागतो, झोपडपट्टीतून स्टेजवर पोहोचणारा. ‘स्वदेशी’ हा घोळका आहे आणि त्याच्या गाण्यांत सरकार, बिल्डर, जात असे विषय येतात. अशा गाण्यामागे जाहिरातदार उभा राहत नाही. मोठ्या कंपनीचा पैसा नसला की प्रसिद्धीची यंत्रणाही नसते. मग वर्षानुवर्षांचे काम मागे पडते आणि शोधणाऱ्याला आधी चित्रपटच सापडतो. तोडफोडच्या बातम्यांत तेच झाले. त्याचा शेवटचा कार्यक्रम मात्र ‘स्वदेशी मेळा’ या गटाच्या स्वतःच्या मंचावर झाला होता.