कार्ड मेलंय, की गप्प बसलंय?

रोह्याला लागून असलेल्या वरसेतून एका दुरुस्तीवाल्या वाचकाचा गेल्या महिन्यात फोन आला. धाटाव एमआयडीसीत नोकरीला असलेल्या गिऱ्हाइकाने मुंबईहून जुना थिंकपॅड टी४६० आणला होता, आत सिएराचं ईएम७४५५ मोडेम कार्ड. विंडोज पुसून उबंटू टाकलं आणि सिमवरचं नेट गेलं. दुरुस्तीवाल्यांनी सिम बदललं, अँटेनाच्या लाल-निळ्या वायरी काढून पुन्हा दाबल्या, उबंटूही दुसऱ्यांदा टाकून पाहिलं. शेवटी ‘कार्ड मेलंय’ म्हणून नवीन मागवायच्या बेतात होते.

फोनवरच एलएसयूएसबी ही कमांड चालवायला लावली. ११९९:९०७९ हा क्रमांक दिसला, म्हणजे कार्ड जिवंत. मोडेममॅनेजरच्या एमएमसीएलआय कमांडने मोडेमही दाखवला. फक्त पॉवर स्टेटपुढे ‘लो’ लिहिलेलं. ती ओळ पहिल्यापासून तिथेच होती, वाचली कुणीच नव्हती.

इथे ‘लो’ म्हणजे रेडिओला कुलूप, आणि हे कुलूप अमेरिकेतलं. तिथल्या एफसीसी या दूरसंचार नियामकाची मंजुरी कार्ड आणि लॅपटॉप या जोडीला मिळते, म्हणून कार्डाचा रेडिओ बंद ठेवूनच लॅपटॉप विकतात; विंडोजमधलं कंपनीचं सॉफ्टवेअर तो उघडतं. लिनक्सवर मोडेममॅनेजर पूर्वी हे आपणहून करायचा, १.१८.४ पासून करत नाही. उघडायच्या स्क्रिप्ट त्याच्याबरोबरच येतात, पण निजवलेल्या. आपल्या कार्डाच्या क्रमांकाची स्क्रिप्ट ईटीसीमधल्या ‘एफसीसी-अनलॉक.डी’ फोल्डरात सिमलिंकने जोडायची आणि सर्व्हिस रीस्टार्ट करायची. दहा मिनिटांचं काम.

जुन्या मंडळींना यात विनमोडेम आठवेल. डायल-अपच्या काळातली ती कार्डं स्वस्त होती, कारण अर्धं काम विंडोजच्या ड्रायव्हरवर ढकललेलं असायचं. लिनक्सवर नुसती पट्टी उरायची. आज कार्ड पूर्ण असतं, किल्ली तेवढी दुसऱ्याच्या खिशात.

नेट आलं, पण रडतखडत. इथे मात्र कार्डाचीच मर्यादा होती. ईएम७४५५ मध्ये बँड ३ आणि ५ आहेत, त्यामुळे जिओ चालतं; पण जिओचाच बँड ४० नाही. बीएसएनएलचा ७०० मेगाहर्ट्झचा बँड २८ही नाही. आशियासाठी काढलेल्या ईएम७४३० मध्ये हे दोन्ही आहेत. दिसायला दोन्ही कार्डं सारखीच, खाचही तीच. जुन्या बाजारातला विक्रेता ‘फोरजी चालतं’ एवढंच सांगतो, आणि ते खोटंही नसतं!

आमचं म्हणणं एवढंच, की स्क्रूड्रायव्हर हातात घेण्याआधी क्रमांक वाचा. एलएसयूएसबीत काही दिसलं नाही तर एलएसपीसीआयही पाहा, काही कार्डं पीसीआयईवर बसतात. पॉवर स्टेट पाहा, मग बँड. टॉवरला शिव्या त्यानंतर.

पुढच्या अंकापासून अशा कार्डांचा तक्ता सुरू करतो आहोत. तुमच्या टेबलावर आलेल्या प्रत्येक मोडेम कार्डाचा ओळख क्रमांक, लॅपटॉपचं मॉडेल, कर्नलची आवृत्ती, सिम कुणाचं आणि शेवटी काय केलं, हे पोस्टकार्डावर मावेल इतकं लिहून पाठवा. न चाललेली कार्डंही कळवा.