प्राडोपंथी आणि अश्वशक्तीचे भक्त

शारजात राहून फोक्सवॅगनची गोल्फ जीटीआय घेणं म्हणजे पैसा आणि अक्कल दोन्ही एकदम गहाण टाकणं, असं आमच्या अल नहदातल्या मराठी मंडळींचं ठाम मत आहे. गणपतीची आरती आटोपली की प्रसादाची वाटी हातात घेऊन हे मत ऐकवलं जातं. ऐकवणारा बहुधा टोयोटा प्राडोवाला असतो, निदान प्राडो घेण्याच्या विचारात असलेला तरी. खंडन करायचं तर आधी पूर्वपक्ष नीट मांडला पाहिजे, म्हणून त्याचं म्हणणं प्रामाणिकपणे सांगतो. रोज सकाळी नॅशनल पेंट्सच्या चौकात किंवा अल इत्तिहाद रोडवर मुंगीच्या चालीनं जायचं. पुढे रस्ता मोकळा मिळाला की रडार. उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर. आई-वडील पुण्याहून आले की चार बॅगा आणि वर लोणच्याचा डबा. अशा संसारात २४५ अश्वशक्तीची पाचदारी छोटी गाडी कशाला? तिच्याऐवजी उंच, दणकट, फेरविक्रीला चांगली किंमत देणारी गाडी घ्यावी आणि निवांत राहावं.

ऐकायला हे बिनतोड वाटतं. पण कोंडीत शक्ती वाया जाते हा युक्तिवाद खरा मानला, तर तो सगळ्यात आधी प्राडोलाच लागू होतो. इथे वर्षानुवर्षं विकली गेलेली प्राडो चार लिटरच्या व्ही-सिक्स इंजिनाची. नॅशनल पेंट्सच्या रांगेत दोन टनांहून जड लोखंड पुढे-मागे ढकलत राहण्यात काटकसर कुठली, ते त्या मंडळींनी एकदा सांगावं. अल ममझरच्या फाटकावर सकाळच्या गर्दीत सालिकचा टोल दोघांकडूनही सहाच दिरहम घेतो. उलट संध्याकाळी घरी पोचल्यावर खरी लढाई सुरू होते ती पार्किंगची. इमारतीमागच्या वाळूच्या मैदानात, कुणीतरी तिरकी लावलेली पिकअप आणि कचऱ्याचा डबा यांच्यामधल्या फटीत ४.२८ मीटरची गोल्फ बसते. प्राडो ४.८ मीटरच्या पुढची. तिचा मालक खिडकी खाली करून तिसरी फेरी मारत असतो, तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर तो निवांतपणा मला तरी दिसलेला नाही.

वाळवंटाचं म्हणाल, तर मलीहा किंवा अल बदायरच्या वाळूत स्वतःची प्राडो घालणारा मराठी गृहस्थ विरळा. गावाकडून पाहुणे आले की आपण त्यांना टूरवाल्याच्या लँड क्रूझरमध्ये बसवतो आणि आपली गाडी डांबरावर सावलीत ठेवतो. बॅगांचा मुद्दा मात्र अर्धा मान्य. जीटीआयची डिकी ३७४ लिटरची, त्यात दोन मोठ्या बॅगा नीट जातात. तिसरी मागच्या सीटवर आईच्या शेजारी बसते. लोणच्याचा डबा आई तसाही मांडीवरच घेते.

एक मुद्दा प्राडोवाल्यांना पुरता देऊन टाकतो. १६ एप्रिल २०२४ च्या पावसात अल ऐनजवळच्या खत्म अल शकला इथे २५४.८ मिलिमीटर पाणी पडलं. १९४९ पासूनच्या नोंदींत असा पाऊस नाही. शारजातल्या कित्येक वस्त्यांत पाणी दिवसेंदिवस साचून राहिलं. त्या आठवड्यात जमिनीला लागून चालणाऱ्या गाडीचा मालक खिडकीतून आपली गाडी बुडताना बघत होता. उंच गाडीचा फायदा त्या वेळी खरा होता. वादात समोरच्याचा खरा मुद्दा गिळून टाकू नये. पण त्या एका आठवड्यासाठी उरलेली सगळी वर्षं कंटाळवाणी गाडी चालवायची का, एवढंच विचारायचं.

प्राडोपंथातली सगळ्यात शहाणी वाटणारी माणसं वेगळंच म्हणतात. 'आत्ता पैसे साठव, पुण्याला परतलास की घे तुझी ती छोटी तिखट गाडी.' यात ममता आहे, पण महाराष्ट्रातल्या अशा गाड्यांचा इतिहास ठाऊक असता तर हा सल्ला निघाला नसता. २००१ साली फियाटनं पॅलिओ आणली आणि तिच्या १.६ लिटरच्या जीटीएक्सनं आमच्या पिढीला पहिल्यांदा दाखवलं की कुटुंबाच्या गाडीतही जोर असू शकतो. १९९८ च्या एप्रिलमध्ये इथल्याच मैदानावर दोन दिवसांच्या अंतरानं दोन शतकं ठोकणारा सचिन त्या पॅलिओचा चेहरा होता आणि त्याच्या नावाची ५०० गाड्यांची खास आवृत्तीही निघाली. कौतुक सगळ्यांनी केलं. पेट्रोल किती पिते हे कळल्यावर विकत मात्र मारुतीच घेतली. २०१५ मध्ये फियाटनं रांजणगावच्या कारखान्यातून १४५ अश्वशक्तीची अबार्थ पुंटो काढली. दहा लाखांच्या आतली ती किंमत म्हणजे जवळजवळ दानधर्मच होता, तरी ती काही वर्षांतच गुंडाळली गेली. २०१६ मध्ये फोक्सवॅगननं भारतात पोलो जीटीआयच्या फक्त ९९ गाड्या आणल्या. तीनदारी गाडी, किंमत जवळपास २६ लाख! एवढ्याही खपेनात म्हणून पुढे किंमत सहा लाखांनी उतरवावी लागली. आणि २०२५ च्या मे महिन्यात गोल्फ जीटीआय भारतात आली ती ५३ लाखांना, पहिल्या खेपेत १५० गाड्या. त्या लगेच संपल्या हे खरं. पण ते घेणारे कोण आणि आपण कोण, हे ज्याचं त्यानं ओळखावं.

इथे सीमाशुल्क पाच टक्के, व्हॅट पाच टक्के. तिकडे संपूर्ण बांधून आणलेल्या गाडीवर कराचा डोंगर. बरं, इथली डाव्या स्टिअरिंगची गाडी सोबत नेता येत नाही, भारतात ती नोंदवलीच जात नाही. म्हणजे पगारदार मराठी माणसाला ही गाडी परवडण्याची आयुष्यातली एकच खिडकी आहे, ती इथे आहे, आणि व्हिसाइतकीच टिकणारी आहे. 'परत गेल्यावर' म्हणणाऱ्यानं सरळ 'घेऊ नकोस' असं म्हणावं. ते निदान खरं असेल.

इथवर प्राडोपंथीयांशी भांडण झालं. माझं मोठं भांडण आपल्याच गोटात आहे. छोटी वेगवान गाडी घ्यायची एवढं ठरलं की अश्वशक्तीचे भक्त पुढे येतात. त्यांच्या हिशेबात गोल्फ आर ३२० ची, सिव्हिक टाइप आर ३२९ ची, मग २४५ ची जीटीआय घेणारा भित्रा आणि १४० ची स्विफ्ट स्पोर्ट घेणारा दयेला पात्र. कागदावरचे आकडे खरेच आहेत. पण ते युरोपातले आहेत.

४५ अंशांची हवा १५ अंशांच्या हवेपेक्षा नऊ-दहा टक्क्यांनी विरळ असते. टर्बो ती दाबून भरतो, पण दाबली की ती आणखी तापते. इंटरकूलरनं ती थंड करायची, तर त्याच्या तोंडावर येणारा वाराच भट्टीतला. मग इंजिनाचा संगणक ठोका बसू नये म्हणून ठिणगी मागे ओढतो आणि शक्ती गुपचूप कापतो. हा माझा कयास नव्हे. सातव्या पिढीची गोल्फ आर युरोपात ३०० अश्वशक्तीची होती, ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण आफ्रिकेसारख्या उष्ण बाजारांत कंपनीनंच ती २८० ची करून विकली. टाइप आरचंही तेच. २०१७ ची गाडी सर्किटवर तापते अशी ओरड झाल्यावर होंडानं २०२० मध्ये पुढची जाळी १३ टक्क्यांनी मोठी केली, रेडिएटर सुधारला आणि पाण्याचं तापमान दहा अंशांपर्यंत उतरल्याचं सांगितलं. जपानच्या अभियंत्यांना जे करावं लागलं, त्याचा अर्थ ऑगस्टमधल्या शारजात काय होतो, याचा भक्तांनी विचार करावा. जास्त शक्ती म्हणजे जास्त उष्णता, आणि इथे उष्णता बाहेर टाकायला जागा नाही.

उरली ती शक्ती वापरायची कुठे? शंभराच्या पाटीवर रडार १२१ ला चमकतं. मर्यादेपेक्षा साठाहून जास्त गेलात तर २००० दिरहमचा मुखालफा (दंड), १२ काळे पॉइंट आणि गाडी महिनाभर जप्त. ऐंशीहून जास्त गेलात तर ३००० दिरहम, २३ पॉइंट, दोन महिने जप्ती. परवाना जायला २४ लागतात, म्हणजे एका पॉइंटावर जीव. आणि हे योग्यच आहे. या रस्त्यांवर डिलिव्हरीची पोरं मोटरसायकलवर पोटासाठी फिरतात, त्यांच्या शेजारून दोनशेनं जाणाऱ्याला माझ्याकडून कसलीही सहानुभूती नाही. शून्य ते शंभर जायला गोल्फ आरला पावणेपाच सेकंद, जीटीआयला सव्वासहा, स्विफ्ट स्पोर्टला आठ. सगळ्या वादाचं मोल कायद्याच्या आत सव्वातीन सेकंदांचं आहे. त्यासाठी दुप्पट पैसे मोजणारा मला व्यवहारी म्हणून शिकवायला येतो!

छोट्या गाडीची मजा शारजात कुठे असते, ते सांगतो. शहरात जिकडेतिकडे गोल चौक आहेत, त्यात साठाच्या आत ब्रेक सोडून गाडी वळवायची. एमिरेट्स रोडच्या वर्तुळाकार चढावरून ट्रकांच्या रांगेत घुसताना तिसऱ्या गिअरमध्ये जी हुकमी ढकल लागते, तिथे. शुक्रवारी पहाटे खोर फक्कानच्या रस्त्यानं निघायचं. २०१९ मध्ये खुला झालेला हा ८९ किलोमीटरचा मार्ग पाच बोगद्यांतून हजर पर्वत भेदून समुद्राला भिडतो. तिथे सरळ वेगाला अर्थ नाही, पण हलकी गाडी हातात असली तर बोगद्यातून उजेडात येताना वळणाचा अंदाज बोटांना आधी कळतो. हलकेपणाची ही जादू नवी नाही. साठच्या दशकात मिनी कूपरनं माँटे कार्लोची रॅली तीनदा जिंकली ती मोठ्या इंजिनांना डोंगरात थकवूनच. फोक्सवॅगननं १९७६ मध्ये ११० अश्वशक्तीची पहिली जीटीआय काढली, तेव्हा पाच हजार विकल्या तरी पुष्कळ असा बेत होता. त्या पिढीच्या साडेचार लाखांहून जास्त विकल्या गेल्या.

मग निवड कोणती? टोयोटाची जीआर यारिस यंत्र म्हणून मला या सगळ्यांत सर्वात लाडकी, रॅलीसाठी जन्मलेली, चारही चाकांना ताकद देणारी. पण तीन दारं आणि मागे नावापुरती जागा. सासूबाईंना तिच्यात बसवून बघा, मग पुढचं बोलू. टाइप आर चालवायला जीटीआयपेक्षा सरस आहे, हे मान्य करायला मला लाज नाही. पण ती फक्त हाताच्या गिअरची. इत्तिहाद रोडवर रोज क्लच दाबणाऱ्या डाव्या पायाची कीव यावी. एकट्या माणसाला, लग्न व्हायचं असेल तर, जुन्या बाजारात टनाच्या आत वजनाची स्विफ्ट स्पोर्ट सापडली तर डोळे झाकून घ्यावी. संसारी माणसानं जीटीआय घ्यावी, आणि शक्यतो सातव्या पिढीची. आठव्या पिढीत स्टिअरिंगवर स्पर्शाची बटणं आली आणि लोकांनी इतक्या शिव्या घातल्या की २०२४ च्या सुधारणेत कंपनीनं खरी बटणं परत बसवली.

यावर हमखास येणारं उत्तर म्हणजे 'डीएसजी', म्हणजे फोक्सवॅगनचा स्वयंचलित गिअरबॉक्स, 'उन्हात जळते'. अर्धं ज्ञान. कुप्रसिद्ध आहे तो सात गिअरचा कोरड्या क्लचचा डबा, ज्यासाठी २०१३ मध्ये चीनमध्ये पावणेचार लाखांहून जास्त गाड्या परत बोलवाव्या लागल्या. भारतातल्या पोलो जीटी टीएसआयमध्ये तोच होता. भारतातल्या पोलो जीटीआयमध्येही तोच, म्हणून तर तिचा टॉर्क २५० वर बांधून ठेवला होता. गोल्फ जीटीआयचा क्लच तेलात बुडालेला असतो. त्याला साठ हजार किलोमीटरला नवं तेल घातलं की कोंडीत तो कुरकुर करत नाही. खरं दुखणं दुसरीकडे आहे. पाण्याच्या पंपाचं प्लॅस्टिकचं घर उष्णतेनं वाकतं आणि झिरपतं. गाडी बघायला जाल तेव्हा बॉनेट उघडून टॉर्च खाली धरा. इंजिनाच्या बाजूला वाळलेल्या कूलंटचा गुलाबी पापुद्रा दिसला, की पंपाचे पैसे किमतीतून आधीच वजा करा.

जुन्या गाड्यांच्या सूक अल हराज बाजारात दर तिसरा विक्रेता 'जीसीसी, सर! अंडर एजन्सी!' म्हणेल, म्हणजे गाडी आखातासाठीच बांधलेली. मुल्किया, म्हणजे गाडीचं नोंदणीपत्र, हातात घेऊन चासी नंबर इंटरनेटवर टाका. अमेरिकेतल्या लिलावात चेपलेल्या बॉनेटसह त्याच गाडीचा फोटो सापडला, तर सलाम करून निघा. इंडस्ट्रियल एरियात असल्या गाड्या नव्यासारख्या होतात, फक्त त्यांचा रेडिएटर आखाताचा नसतो. डिकीतला गालिचा उचलून स्टेपनीच्या खळग्यात वास घ्या, एप्रिल २०२४ चं पाणी अजून तिथे असू शकतं. आधीच्या मालकानं 'स्टेज टू' करून धुराड्याची नळी बदलली असेल तर नकोच. गोंगाट करणाऱ्या गाडीला दोन हजारांचा मुखालफा आहे, शिवाय पासिंगला परत सगळं मूळ बसवायचा खर्च.

वाचलेल्या पैशांतून पहिल्या आठवड्यात चार चांगले टायर टाका. बाजूवरचा चार आकडी शिक्का दुकानदारासमोर वाचा, पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. पाच वर्षांपेक्षा जुना टायर इथे चालत नाही, आणि स्वस्तात देतो म्हणणाऱ्याकडे बहुतेक वेळा तोच असतो.