भुवई आणि चोरीस

मे महिन्याच्या सुट्टीत गोव्याहून चोरीसची माळ घेऊन कलबुर्गीला आलो. पोर्तुगालात मातीच्या पसरट भांड्यात आग्वार्देंत ही कडक दारू पेटवून वर सॉसेज भाजतात, तसंच करायचं होतं. माझ्याकडे मातीचं ताट, दोन सळया आणि ४२.८ टक्क्यांची रम. आई दारातूनच म्हणाली, "बी.ई. केलास ते ह्यासाठी का रे?"

अंगणात पेटवलं. आग विझली असं वाटून मी बाटलीतूनच आणखी रम ओतली. दारूची निळी ज्योत उन्हात दिसतच नाही! ती धारेवरून वर चढली. बाटली फेकली, उजवी भुवई गेली. पुतणी दोन हातांवर उभी होती, ते आठवलं की अजून पोटात गोळा येतो.

आता रम वाटीत मोजून आधीच ओतायची, बाटली घरात. झाकायला ताटली हाताशी. पुन्हा ओतायचं नाहीच.

दुसरं म्हणजे, तिकडचं सॉसेज धुरावलेलं असतं. आपलं गोव्याचं बहुधा कच्चंच. ते आधी थोड्या पाण्यात पूर्ण शिजवायचं, आगीवर फक्त वरून खरपूस.

पातेल्यात उरलेल्या लाल, आंबट-तिखट तेलात आईने कडक भाकरी बुडवली. भुवईबद्दल मात्र ती अजून बोलते.